फोन बिनतारी, भिस्त विजेवर

इंटरनेटवरून चालणाऱ्या घरगुती दूरध्वनीला कॉर्डलेस जोडणे सोपे आहे. मात्र वीज गेली की हा फोन मुका होतो. थोडी पूर्वतयारी केली, तर ते टाळता येते.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, उद्वाहने मजल्यांच्या मध्ये अडकली आणि करोनाच्या काळात घरून काम करणाऱ्यांचे संगणक थंडावले. काही भागांत वीज दोन-अडीच तासांत परतली, काही ठिकाणी तिला त्याहून बराच वेळ लागला. अशा वेळी दिवाणखान्यातील दूरध्वनी उचलून नातेवाइकांची खुशाली विचारायची, ही शहरी घरांची जुनी सवय. वीज गेली तरी फोन चालतो, हा विश्वास दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

हा विश्वास तांब्याच्या तारेने दिला होता. आज अनेक घरांत ती तार उरलेली नाही. तिच्या जागी काचेचा बारीक धागा आला आहे आणि त्याच्या टोकाशी लुकलुकणाऱ्या दिव्यांची एक डबी बसली आहे. फोन त्याच डबीला जोडलेला असतो. तो कॉर्डलेस असेल, तर डबीपुढे आणखी एक उपकरण येते. दोन्ही उपकरणे विजेवर चालतात, आणि घरातील वीज गेली की दोन्ही एकाच क्षणी बंद पडतात.

एक्स्चेंज आता घरात

पूर्वीचा दूरध्वनी स्वतःची वीज सोबत घेऊन येत असे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची मोठी रांग असे आणि त्यांचा ४८ व्होल्टचा दाब तारेवरून थेट घरापर्यंत पोहोचत असे. घंटी वाजवण्यासाठी लागणारा, सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाहही तिकडूनच येई. शहराची वीज गेली तरी एक्स्चेंजमधील बॅटऱ्या आणि डिझेलचे जनित्र काम करीत राहत. घरातील साध्या फोनला भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटशी देणेघेणे नव्हते.

इंटरनेटच्या फोनमध्ये हे काम घरातील डबीकडे आले आहे. बोलणाऱ्याचा आवाज ती अंकांत बदलते, त्याची छोटी छोटी पाकिटे करते आणि साधारणपणे सेकंदाला पन्नास या वेगाने ती पुढे पाठवते. पलीकडून आलेल्या पाकिटांचा ती पुन्हा आवाज करते. डायल टोन, घंटी वाजवणारा दाब, फोन उचलला की मिळणारा प्रवाह, हे सारे आता तीच तयार करते. थोडक्यात, एक्स्चेंजची एक लहानशी प्रतिकृती घरात आली. पण तिच्यासोबत एक्स्चेंजच्या बॅटऱ्या आल्या नाहीत.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. त्या वेळी संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातील फोनवर बोलता येत असे. देशातील फोनशी जोडणी करण्यास मुभा नव्हती. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने हा मार्ग मोकळा केला. पुढे ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओ फायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाली. बीएसएनएल, एअरटेल यांच्याही फायबर जोडण्या वाढत गेल्या. इंटरनेटसोबत दूरध्वनी क्रमांकही मिळू लागला. ०२२ किंवा ०२० ने सुरू होणारा क्रमांक तसाच दिसत असल्यामुळे, त्याखालची यंत्रणा पूर्ण बदलली आहे, हे अनेक ग्राहकांच्या ध्यानातही येत नाही.

जोडणी कशी करावी?

फायबरच्या डबीमागे इंटरनेटच्या खाचांशेजारी एक अरुंद खाच असते. तिच्यावर ‘फोन’, ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ असे लिहिलेले आढळते. कॉर्डलेसच्या बेसमधून निघणारी नेहमीची टेलिफोनची वायर याच खाचेत जाते. इंटरनेटची केबल रुंद असते आणि ती या खाचेत बसत नाही, त्यामुळे सहसा घोटाळा होत नाही. बेसला विजेचा अडॅप्टर लावला की डायल टोन ऐकू यावयास हवा. तो आला नाही, तर डबीवरचा फोनचा दिवा लागला आहे का, हे आधी पाहावे. दिवा बंद असल्यास दूरध्वनी सेवा कंपनीकडून सुरू व्हायची राहिली असण्याची शक्यता अधिक. कॉर्डलेसला दोष देण्याचे कारण नाही.

कॉर्डलेस जुना असेल, तर त्याचे डायलिंग ‘पल्स’वर नसून ‘टोन’वर असल्याची खात्री करावी. अनेक डब्यांना पल्स पद्धत समजत नाही. त्यामुळे फोन येतात, पण लावता येत नाहीत, असा विचित्र प्रकार घडतो. येणाऱ्याचा क्रमांक पडद्यावर दिसत नसेल, तर त्याचेही कारण बहुधा साधेच असते. हा क्रमांक पाठवण्याच्या ‘एफएसके’ आणि ‘डीटीएमएफ’ अशा दोन पद्धती आहेत. डबी एक पद्धत वापरत असेल आणि फोन दुसऱ्या पद्धतीची वाट पाहत असेल, तर पडदा कोराच राहतो. फोनच्या सेटिंगमध्ये बदल करून, किंवा कंपनीच्या तंत्रज्ञाला डबीवरील पद्धत बदलण्यास सांगून ही अडचण दूर होते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना क्रमांकाआधी शून्य दाबणे बंधनकारक झाले आहे. हा नियम इंटरनेटवरील लँडलाइनलाही लागू आहे. कॉर्डलेसच्या स्मृतीत पूर्वी साठवलेले मुलांचे, डॉक्टरांचे आणि शेजाऱ्यांचे क्रमांक शून्याविना असतील, तर ते नव्याने साठवावे लागतात. घाईच्या वेळी एका बटणावर लागणारा फोन न लागणे परवडणारे नसते.

घरात पूर्वीच्या लँडलाइनची वायर भिंतींतून खोल्याखोल्यांत फिरवलेली असेल, तर तिचाच उपयोग करून सर्व ठिकाणी फोन चालवण्याचा मोह होतो. त्यापूर्वी बाहेरून येणारी जुनी तार पूर्णपणे तोडून वेगळी केलेली असणे आवश्यक आहे. एक्स्चेंजकडून येणारा दाब आणि डबीचा दाब एकाच तारेवर आले, तर डबी निकामी होऊ शकते. कॉर्डलेसचा खरा फायदा येथेच दिसतो. एकाच बेसवर चार किंवा अधिक हँडसेट चालवता येतील अशी मॉडेल मिळतात. बाकीच्या हँडसेटना केवळ चार्जिंगचा स्टँड पुरतो. फोनची वायर खोलीखोलीत न्यावी लागत नाही.

लहरींची भाऊगर्दी

बेस आणि हँडसेट यांचे संभाषण रेडिओलहरींवर चालते, आणि घरातील वायफायही. दोघांच्या लहरी एकाच पट्ट्यात असतील, तर ते एकमेकांच्या कामात व्यत्यय आणतात. बाजारातील डिजिटल कॉर्डलेसचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. ‘डेक्ट’ या युरोपीय मानकानुसार बनलेले बहुतेक फोन १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. वायफाय या पट्ट्यात नसल्याने तेथे व्यत्ययाचा प्रश्न येत नाही. भारतात विकल्या गेलेल्या अनेक कॉर्डलेसवर मात्र ‘२.४ गिगाहर्ट्झ’ असे छापलेले असते. वायफायचा जुना पट्टा हाच, ब्लूटूथ याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून झिरपणाऱ्या लहरीही याच्याच आसपासच्या. अशा घरात स्वयंपाकघरात काही गरम करायला ठेवले की फोनवर खरखर ऐकू येणे अशक्य नाही.

फोन २.४ गिगाहर्ट्झचा असेल, तर मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि संगणक वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर नेणे हा सोपा उपाय आहे. त्याहून सोपा उपाय अंतराचा. डबी आणि बेस एकाच फळीवर खेटून ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. वायर आखूड असते आणि सॉकेट तेथेच असते, हे त्याचे कारण. पाच-सात फुटांची टेलिफोनची वायर घेऊन बेस दूर ठेवला, तर बराच फरक पडतो.

बेसची जागा घराच्या मध्याकडे आणि थोडी उंचावर असावी. डेक्टचा पल्ला मोकळ्या मैदानात सुमारे ३०० मीटर आणि इमारतीच्या आत सुमारे ५० मीटर सांगितला जातो. परंतु सिमेंट-काँक्रीटच्या भिंतीतील सळया, पोलादी कपाट, मोठा आरसा आणि खिडकीची लोखंडी जाळी यांतून जाताना तो बराच आटतो. दिवाणखान्यातील कपाटामागे ठेवलेला बेस शेवटच्या खोलीतील हँडसेटपर्यंत पोहोचला नाही, तर त्यात फोनचा दोष नसतो.

आवाज तुटतो, दोष कोणाचा?

फोनवर शब्द गिळले जाऊ लागले की ग्राहक कंपनीकडे तक्रार करतो आणि कंपनी फोन संच बदलण्यास सांगते. या टोलवाटोलवीतून सुटण्यासाठी एक साधी चाचणी घरीच करता येते. शेजाऱ्याकडून का होईना, एक साधा तारेचा फोन आणावा. कॉर्डलेसची वायर काढून तो थेट डबीला जोडावा आणि त्याच व्यक्तीशी बोलावे. आवाज स्वच्छ आला, तर दोष बेस आणि हँडसेट यांच्यामध्ये आहे. आवाज तसाच तुटत राहिला, तर दोष डबीत किंवा तिच्यापलीकडे आहे आणि कंपनीकडे आग्रह धरण्यास ग्राहक मोकळा आहे.

दोन्ही प्रकारचे बिघाड कानालाही ओळखता येतात. खोली बदलली की वाढणारी खरखर किंवा टिकटिक ही रेडिओलहरींची तक्रार असते. एका जागी बसूनही अर्धा शब्द गळणे, बोलणे उशिरा पोहोचणे आणि दोघांनी एकाच वेळी बोलू लागणे ही इंटरनेटची लक्षणे होत. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून कमी वेळ लागला, तर संभाषण सहज वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मानक सांगते. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने जेमतेम ८० ते ९० किलोबिट प्रतिसेकंद एवढीच क्षमता लागते. १०० मेगाबिटच्या जोडणीत हा हिस्सा नगण्य आहे. त्यामुळे वेगवान योजना घेतली की आवाज सुधारेल, ही समजूत बहुधा फोल ठरते. वेगापेक्षा पाकिटे वेळेवर आणि क्रमाने पोहोचणे महत्त्वाचे असते.

फायबर कंपनी स्वतःचाच दूरध्वनी देते तेव्हा आवाजाच्या पाकिटांसाठी सहसा वेगळी वाट राखलेली असते. त्याउलट, वेगळ्या कंपनीची इंटरनेट फोन सेवा अडॅप्टर लावून वापरली, तर तिची पाकिटे घरातील इतर वाहतुकीच्या रांगेत उभी राहतात. अशा वेळी कोणी मोठी चित्रफीत पाठवू लागले की फोन अडखळतो.

हँडसेट जिवंत, फोन मृत

विजेच्या प्रश्नात फसवणूक होते ती हँडसेटच्या पडद्यामुळे. वीज गेली तरी हँडसेटमध्ये बॅटरी असते. पडदा उजळतो, घड्याळ दिसते, क्रमांकही दाबता येतात. पण बेस बंद असल्याने दाबलेला क्रमांक कोठेच जात नाही. घरातील वृद्ध व्यक्तीला हे कोणी सांगितलेले नसेल, तर आपल्याच हातून काही चुकते आहे असे वाटून ती पुन्हा पुन्हा बटणे दाबत राहते. मोबाइल आहेच, हे उत्तर प्रत्येक घरात पुरत नाही. तो चार्ज नसतो, तळमजल्यावर त्याला रेंज मिळत नाही, किंवा ज्यांना तातडीची मदत लागते त्यांनाच तो हाताळता येत नाही.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचा अनुभव ब्रिटनने घेतला आहे. तेथे तांब्याच्या तारांवरील दूरध्वनी बंद करून सर्व ग्राहकांना इंटरनेटवर नेण्याचे काम हाती घेण्यात आले. वृद्धांनी गळ्यात घालावयाची, संकटकाळी मदत बोलावणारी बटणेही त्याच तारांवर अवलंबून होती. बदलानंतर काही ठिकाणी ती चालली नाहीत आणि गंभीर घटना घडल्या. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीचे स्थलांतर थांबवण्यात आले, आणि डिसेंबर २०२५ ची मुदत पुढे जानेवारी २०२७ पर्यंत नेण्यात आली. तेथील नियामक ऑफकॉमने २०१८ मध्येच कंपन्यांना बजावले होते, की लँडलाइनवर विसंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन क्रमांक लावता येईल, अशी सोय द्यावी.

आपल्याकडे ही सोय ग्राहकाने स्वतःच करावी लागते आणि ती फार खर्चिक नाही. फायबरची डबी साधारण दहा वॉटच्या आसपास वीज घेते, कॉर्डलेसचा बेस दोन-तीन वॉट. दोघांची मिळून गरज ४० वॉटच्या जुन्या ट्यूबलाइटच्या जेमतेम एक तृतीयांश भरते. घरात इन्व्हर्टर असेल तर तो हे ओझे सहज पेलतो. मात्र ज्या सॉकेटला ही उपकरणे लावली आहेत, ते इन्व्हर्टरच्या वायरिंगवर आहे का, हे पाहावे. पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर आणि टीव्हीशेजारचे सॉकेट नाही, अशी रचना अनेक घरांत असते.

इन्व्हर्टर नसेल तर संगणकाचा छोटा यूपीएस दोन्ही उपकरणांना तास-दोन तास चालवू शकतो. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस स्वस्त पडतो आणि अधिक वेळ टिकतो. पण येथे सावधगिरी हवी. कॉर्डलेसच्या बेसला बहुधा सहा व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो. मिनी यूपीएसचा १२ व्होल्टचा प्लग त्याला लावल्यास बेस जळू शकतो. यावर सर्वांत सोपा तोडगा जुनाच आहे. डबी मिनी यूपीएसवर ठेवावी आणि तिच्या फोनच्या खाचेत दुहेरी जोडणी लावून कॉर्डलेसच्या बरोबरीने एक साधा तारेचा फोनही जोडावा. त्याला विजेचे सॉकेट लागत नाही. लागणारा प्रवाह तो डबीकडूनच घेतो. रोजच्या गप्पांना कॉर्डलेस आणि अडीअडचणीला तारेचा फोन, अशी ही वाटणी. चार्ज केलेला हँडसेट बेसवर ठेवला की त्याच्या बॅटरीवर बेस चालवणारी काही मॉडेलही आहेत. नवा फोन घेताना ही सोय विचारून घ्यावी.

घरापलीकडची एक बाजूही तपासली पाहिजे. खऱ्या फायबर जोडणीत एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वाटेवर धागे विभागणारी जी जोडपेटी असते, तिला वीज लागत नाही. काही स्थानिक केबलचालक मात्र इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली विजेवर चालणारा स्विच बसवून तेथून साधी केबल घरोघरी देतात. सोसायटीची वीज गेली की तो स्विच बंद पडतो. मग घरातील यूपीएस कितीही मोठा असला तरी फोन लागत नाही. जोडणी घेतानाच हा प्रश्न विचारणे हिताचे.

बॅटरी आणि गुप्तता

हँडसेटमध्ये निकेल मेटल हायड्राइडच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या दोन छोट्या बॅटऱ्या असतात. त्या संपल्यावर घड्याळाच्या साध्या बॅटऱ्या त्यांच्या जागी कदापि घालू नयेत. चार्जिंग सुरू होताच त्या गळतात किंवा फुगतात. पूर्ण चार्ज करूनही फोन दहा-पंधरा मिनिटांत ‘बीप’ करू लागला, तर संच बदलण्याआधी बॅटऱ्या बदलून पाहाव्यात.

जुन्या ॲनालॉग कॉर्डलेसवर शेजाऱ्यांचे संभाषण ऐकू येत असे, हे अनेकांना आठवत असेल. डिजिटल फोनमध्ये तसे सहजासहजी होत नाही. तरीही डिसेंबर २००८ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत संशोधकांनी, संगणकाला जोडता येणाऱ्या स्वस्त कार्डाच्या साहाय्याने डेक्ट फोनवरील संभाषण पकडता येते, हे दाखवून दिले. अनेक संचांत सांकेतिकीकरण सुरूच नसल्याचेही तेव्हा उघड झाले. सामान्य कुटुंबाला यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र फार जुना संच बँकेच्या व्यवहारांसाठी वापरू नये, एवढा बोध घ्यावा.

एकदा करून पाहा

एखाद्या दुपारी घरातील मुख्य स्विच पाच मिनिटे बंद करून पाहावा आणि लँडलाइनवरून घरच्याच एखाद्या मोबाइलला फोन लावावा. फोन लागला तर सर्व ठीक. न लागल्यास पुढील गोष्टी तपासाव्यात.

- डबी आणि कॉर्डलेसचा बेस, दोन्ही इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर आहेत का?
- विजेशिवाय चालणारा एक तारेचा फोन डबीला जोडलेला आहे का?
- इमारतीतील इंटरनेटच्या स्विचला पर्यायी वीज आहे का?
- साठवलेल्या मोबाइल क्रमांकांआधी शून्य आहे का?
- ११२ हा आपत्कालीन क्रमांक फोनजवळ ठळक अक्षरांत लिहिलेला आहे का, आणि वीज गेल्यावर कोणता फोन उचलायचा हे घरातील ज्येष्ठांना ठाऊक आहे का?

यातील शेवटच्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. घरातील आजी-आजोबांना तारेचा फोन एकदा हाती देऊन, वीज बंद असताना त्यावरून फोन लावायला सांगितले, तरी पुरे.